मातीशी वैर

आंबिवलीला जगनची छोटी रोपवाटिका होती. त्याची बायको कल्पिता पिशव्यांत माती आणि शेणखत भरायची, आणि त्यांचा लहानगा मुलगा प्रेम शेजारी बसून त्याच मातीत कोपरापर्यंत हात घालायचा. मातीत खेळलेलं पोर काटक होतं, असं शेजारणी म्हणायच्या. कल्पितालाही तसंच वाटायचं.

पण प्रेमला सारखी गळवं व्हायला लागली. मानेत गाठी, ताप, उतरला की पुन्हा ताप. टीबीची औषधं झाली. हिचं पोराकडे लक्ष नाही, असं सासू म्हणत राहिली. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. मातीतले जंतू सगळ्याच मुलांच्या अंगात शिरतात आणि शरीर त्यांना संपवतं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. प्रेमच्या पांढऱ्या पेशी मात्र जंतू गिळतात, पण त्यांना मारू शकत नाहीत.

जगनने रोपवाटिका मोडली, कळव्यात खोली घेतली आणि वॉचमनची नोकरी धरली. एक तुळससुद्धा सोबत आणली नाही. प्रेम खिडकीचे गज धरून खालची मुलं बघत बसायचा.

"आई, माती धुऊन दिलीस तर खेळू?" त्याने एकदा विचारलं. कल्पिताने त्याला नुसतं जवळ ओढलं.

दुसऱ्याचा बोनमॅरो घातला तर तो बरा होणार होता, पण जुळणारं कुणी मिळेना. त्याला पाचवं वर्ष लागलं आणि छातीत संसर्ग झाला. त्यातून प्रेम उठलाच नाही.

हा दोष आईकडून मुलाकडे येतो, हे कल्पिताला निदानाच्या वेळीच कळलं होतं. माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. गेला होता. तिचा भाऊ दौलत, दोन वर्षांचा, तापाने. त्याला गोठ्यात खेळू दिलं म्हणून घरच्यांनी तिच्या आईला, कलावतीला, जन्मभर बोल लावला. कलावतीने त्यानंतर कुणाचंच मूल मांडीवर घेतलं नाही. प्रेमलाही नाही.

दिवसकार्य उरकल्यावर कल्पिता चिपळूणकडे आईच्या गावी गेली. कलावती पडवीत वाल सोलत होती.

"आई, दौलतला जन्मापासूनच हा आजार होता. गोठ्यात नसता गेला, तरी कुठूनतरी झालंच असतं. तुझं काही चुकलं नव्हतं."

कलावतीचे हात थांबले.

"आत्ता सांगतेस होय," ती म्हणाली. "ज्यांना ऐकवायचं, त्यातलं कुणी राहिलं नाही गं."

मग ती पदर तोंडात धरून रडली. तो आजार कुणाच्या रक्तातून आला, हे कल्पिताने तिला सांगितलं नाही. ते तिने स्वतःपाशीच ठेवलं.