चिवडा दिला, उत्तर द्यायचं राहिलं

मंडळी, दुपारी माझी एक चूक लक्षात आली, ती तुम्हाला सांगायला मॉडेम लावून बसलोय.

या महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या मार्गारेटबाईंनी आमच्यावर दावा लावला. आमच्या गराजकडे जाणारी वाट त्यांच्या वीस वर्षांच्या वहिवाटीची, म्हणून जमीनही त्यांचीच, असं त्यांचं म्हणणं. मी पडलो शहाणा. चिवड्याचा डबा घेऊन समजूत काढायला गेलो. "डोंट वरी अबाउट इट," त्या म्हणाल्या. मिटलं, असं समजून मी कोर्टाकडून आलेलं समन्स फ्रिजवर लावून टाकलं, वाणसामानाच्या यादीखाली.

आज मित्राची मुलगी अंजू जेवायला आली. नुकतीच वकील झालीय. यादीखालचा कागद तिनंच पाहिला.

"काका, कोर्टात आन्सर, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, फाइल केलं?"

"अगं, त्यांच्याशी बोललो ना."

"कोर्टाशी बोललात का? वीस दिवसांची मुदत आहे, आज एकोणिसावा. उद्याचा दिवस गेला की त्या डिफॉल्ट, म्हणजे एकतर्फी निकाल, मागतील. मग तुमची बाजू कोण ऐकणार?"

"चिवडा खाल्लाय गं त्यांनी."

"काका, चिवडा हा डिफेन्स नाही."

आता ती आमच्या टाइपरायटरवर दाव्यातला एकेक मुद्दा नाकारत बसलीय. जो नाकारायचा राहील तो कबूल धरतात म्हणे. बायको प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतेय.

मघाशी बेल वाजली. मार्गारेटबाई डबा परत करायला आल्या होत्या. रिकामा नाही, कुकीज भरून. छान हसल्याही. दाव्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

डबा टेबलावर तसाच आहे. कुणी हात लावलेला नाही.

मंडळी, तुमच्या फ्रिजवर यादीखाली काय आहे, एकदा बघून येता का?