खिडकीची चपाती

दर्शनाला सकाळी वेळ नसतो. हे तिच्या तोंडून दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, आणि ते खरंही आहे. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. नवरा राजरत्न तिथल्याच एका केमिकल कंपनीत, पहिल्या पाळीला. तो साडेसहाला बाहेर. मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, सिनियर केजीत. तिची व्हॅन पावणेआठला. दर्शना स्वतः ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात डिस्पॅच बघते. ती आठच्या ठोक्याला बाहेर. उरले सासरे बाबुराव, घरातले आबा. त्याच वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं प्रेस मशीनवर पत्र्यातून वॉशर पाडून ते निवृत्त झाले. सासूबाई, रंगूबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. आबांना कुठे पोचायचं नसतं, म्हणून त्यांचं ताट झाकून ठेवायचं आणि निघायचं. दुपारी यशू व्हॅनमधून उतरली की दोघं एकत्र बसतात.

जूनमध्ये यशूचा डबा भरलेला परत यायला लागला. बाईंनी डायरीत लिहिलं, डबा संपत नाही. दर्शनाला ते लागलं. तशातच मोबाइलवर तिला ते जपानी डब्यांचे व्हिडिओ सापडले, बेंटो म्हणतात ते. भाताचं अस्वल, अंड्याचं पिल्लू, गाजराची फुलं. व्हिडिओतली बाई म्हणते, सगळं दहा मिनिटांत होतं. तिच्या नळाला पाणी किती वाजता जातं ते ती सांगत नाही.

दर्शना हुशार आहे. तिने स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे साचे आणले, ससा आणि चांदणी. भाजलेल्या चपातीचे दोन ससे कापायचे, मधे चीज, डोळ्यांना काळे तीळ, नाकाला सॉसचा ठिपका. तिसऱ्या चपातीच्या चांदण्या, त्यांना तूप-साखर. बाजूला काकडी. बारा मिनिटं. डबा चाटूनपुसून परत यायला लागला. पोर शाळेतून उड्या मारत यायची आणि सांगायची, आज सगळ्यांनी माझा ससा बघितला. इथवर कुणी नाव ठेवावं असं काही घडलं नव्हतं.

प्रश्न होता उरलेल्या चपातीचा. ससा चपातीच्या ऐन मधला भाग घेऊन जातो. मागे राहते एक कड, मधे सशाच्या आकाराचं भगदाड. अशा दोन, आणि तिसरी चांदण्यांच्या भोकांची. टाकायच्या कशा? पहिले चार दिवस दर्शनाने त्या स्वतःच्या डब्यात घातल्या. पाचव्या दिवशी ऑफिसात डबे उघडले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या स्वप्नाने मान वाकडी करून पाहिलं.

"काय गं, घरात उंदीर झालेत का तुझ्या?"

सगळे हसले. दर्शनाही हसली, आणि डब्यावर झाकण ठेवून भाजीच तेवढी चमच्याने खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या दोन तिच्या डब्यात, अख्ख्या चार राजरत्नच्या डब्यात, आणि त्या तीन कडा आबांच्या ताटात गेल्या. गोळे आधीही नऊच होत होते, तेवढेच राहिले. वाढवायचे म्हणजे आणखी पाच मिनिटं लागली असती. आणि आबा तर घरीच जेवतात, त्यांचं ताट बघणार कोण?

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माहीत नसेल तर हे सगळं फार किरकोळ वाटेल. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात दर्शनाने आबांना विचारलं होतं, "अजून एक तुकडा वाढू?" आबांनी ताटावर हात आडवा धरला. "तुकडा नको. अर्धी वाढ." नंतर रंगूबाईंनी स्वयंपाकघरात समजावलं. आबांची आई गावात घरोघरी उंबऱ्याबाहेर उभी राहून तुकडे मागून आणायची. शिळे, उरलेले, कुणी चावून ठेवलेलेही. त्यावर घर जगायचं. धर्मांतराच्या वर्षी आबांच्या वडिलांनी ती तुकड्यांची टोपली चुलीत घातली. आबा तेव्हा सात वर्षांचे होते. "म्हणून या घरात तुकडा म्हणायचं नाही," रंगूबाई म्हणाल्या. "अर्धी म्हण, पाव म्हण, काहीही म्हण."

दर्शनाला हे सगळं ठाऊक होतं. ताट भरताना ते आपल्याला आठवलंच नाही, अशी ती पुढे स्वतःची समजूत घालत राहिली, पण तसं नव्हतं. आठवलं होतं. फक्त ती मनातल्या मनात त्यांना तुकडे म्हणत नव्हती, कडा म्हणत होती.

ऑगस्टमध्ये शाळेत पालकसभा झाली. बाईंनी दर्शनाला पुढे बोलावून डबा कसा करते ते दाखवायला सांगितलं. तिने बारा मिनिटांत करून दाखवलं. टाळ्या पडल्या. एका आईने विचारलं, "पण मग उरलेल्याचं काय करता?"

"घरात संपतं," दर्शना म्हणाली. सगळ्या आयांनी माना डोलावल्या.

सप्टेंबरात आबांना ॲसिडिटीचा त्रास सुरू झाला. खालच्या मेडिकलवाल्या दिपेशने गोळ्या देता देता सांगून टाकलं, "वहिनी, आबांना सांगा, नाक्यावर रोज दोन वडापाव होतात त्यांचे. यशू चित्रांच्या क्लासला बसली की लगेच." दर्शना ताडताड जिने चढून वर आली आणि राजरत्नच्या देखत आबांना बोलली. ह्या वयात बाहेरचं तेलकट कशाला हवं, घरात केलेलं खायला काय होतं, मी पहाटे उठून कुणासाठी रांधते. आबा खिडकीपाशी उभे होते. "बरं," म्हणाले. वडापाव बंद झाले.

नोव्हेंबरात राजरत्नच्या मोठ्या बहिणीने, नीलाताईने, टिटवाळ्याला नवा ब्लॉक घेतला. रविवारी सकाळी वंदना झाली, खीर झाली, मग घरच्यांची पंगत बसली. नीलाताई गरम चपात्या वाढत होती. तिने पहिली आबांच्या ताटात टाकली, आणि यशू म्हणाली, "आत्या, आबांना अशी नको. आबांची खिडकीची असते."

"खिडकीची कसली गं?"

"मधे खिडकी असते ना. त्यातला ससा माझ्या डब्यात येतो." यशूने दोन्ही हातांनी हवेत गोल धरला आणि त्यातून बघितलं. "आबा आधी त्यातून मला बघतात, मग खातात."

नीलाताईचा हात तसाच राहिला. तिचा नवरा मुकुल खीर ढवळत होता, तोही थांबला.

कुणी काही विचारलं नव्हतं. पण दर्शनाला गप्प राहवेना. "अहो ताई, ते तिच्या डब्याचं असतं. आबांनाच आवडतात तशा. कडा कशा कुरकुरीत लागतात."

आबा तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायले. "मीच सांगितलं तिला," ते म्हणाले. "हल्ली दात दुखतात. मऊ मऊ, लहान बरं पडतं."

एकीकडे कुरकुरीत, एकीकडे मऊ. दोघांचं खोटं शेजारी शेजारी येऊन बसलं. नीलाताईने आधी बापाकडे बघितलं, मग भावजयीकडे. "बरं," म्हणाली, आणि आणखी एक अख्खी त्यांच्या ताटात ठेवली. आबांनी पाच चपात्या खाल्ल्या.

"आबा, आज भूक दणदणीत लागलीये," राजरत्न कौतुकाने म्हणाला. दर्शनाला वाटलं, फरशी फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण टिटवाळ्याच्या त्या नव्या फरशीला तडासुद्धा नव्हता.

निघताना स्वयंपाकघरात नीलाताईने फॉइलमध्ये गुंडाळलेली चवड तिच्या हातात दिली. "आबांना रात्री दे. अख्ख्या आहेत." मग नळ सोडून हात धुताना, पाठमोरीच म्हणाली, "मी आज काही बोलत नाही दर्शना. माझ्या घराचा पहिला दिवस आहे."

घरी येताना रिक्षात आबा पुढे ड्रायव्हरपाशी बसले होते. राजरत्नने हळूच विचारलं, "हे कधीपासून?"

"जूनपासून."

"मग मला कसं माहीत नाही?"

"तुमच्या डब्यात अख्ख्या असतात."

दर्शना मांडीवरच्या फॉइलची ऊब धरून बसली होती. भगदाडं पडलेल्या तीन कडा म्हणजे मिळून फार तर दीड चपाती. दीड चपातीवर दुपार काढलेला माणूस चार वाजता वडापाव खाणार नाही तर काय करेल? आणि तिने त्याला त्यावरून, मुलाच्या देखत, झापलं होतं. त्यानंतर तो काय खात होता? काही नाही.

सोमवारी तिने बारा गोळे केले. राजरत्न गेल्यावर आबा चहाला येऊन बसले. कप त्यांच्यासमोर ठेवून ती उभीच राहिली. आडवळणाने बोलायचं असं तिने रविवारी संध्याकाळभर ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरली.

"आबा, मी तुम्हाला पाच महिने तुकडे वाढले."

तो शब्द त्या घरात कितीतरी वर्षांनी उच्चारला गेला. आबांनी कप खाली ठेवला. ते म्हणतील, अगं तुकडे कसले, पोरीचा खेळ तो, असं तिला कुठेतरी वाटत होतं. तेवढ्यासाठीच तर ती बोलली होती, निम्मी तरी.

"हो," आबा म्हणाले.

गॅसवर तवा तापत होता.

"बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तू धावत असायचीस." आबांनी कप स्वतःकडे ओढला. "पहिल्या दिवशी झाकण काढलं आणि मला आयेची टोपलीच दिसली. पण पोरगी समोर बसली होती. विचारते कशी, आबा, याला भोक कसं पडलं? तिला काय सांगू? म्हटलं, खिडकी आहे. बघ, आबा दिसतात का. मग रोज आधी खिडकी करायची, मग खायचं. नुसतं खाववत नव्हतं."

"आणि काल का माझी बाजू घेतलीत?"

"तुझी कुठे? काल नीलाचं घर होतं."

दर्शनाने पदर डोळ्यांना लावला नाही. रडून मोकळं होणं तिला त्या क्षणी फार स्वस्त वाटलं. तिने मुकाट्याने चपाती लाटायला घेतली. आबांनी ओट्यावरचा सशाचा साचा उचलला, त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून पाहिला. चौतीस वर्षांची सवय.

"हे भाजल्यावर का कापतेस?"

"व्हिडिओत तसंच दाखवतात. कड साफ येते."

"लाटलेली कच्ची काप. ससा उचल, तव्यावर टाक. बाकीची कणीक पुन्हा गोळ्यात घाल." साचा त्यांनी खाली ठेवला. "आमच्याकडे पट्टीतून वॉशर पाडले की भोकांची पट्टी भंगारात जायची. ते लोखंड होतं. कणीक कधी भंगारात जाते का?"

दर्शनाच्या हातातलं लाटणं थांबलं. एवढीशी गोष्ट. शाळेत टाळ्या घेतल्या, व्हिडिओ पाहून पाहून डोळे दुखवले, पण हे तिला सुचलं नाही. सुचायची गरजच पडली नव्हती. उरलेलं जायला घरात एक ताट होतं.

"हे तरी आधी सांगायचंत."

"तू विचारलं नाहीस," आबा म्हणाले आणि चहा संपवला.

त्या दिवशीचा ससा तव्यावर फुगला आणि त्याचा एक कान करपला. यशूने डब्यात वाकून बघितलं. "हा ससा जाडा आहे," म्हणाली, आणि झाकण लावून घेतलं. आबांच्या ताटात तीन अख्ख्या चपात्या झाकून दर्शना कामावर गेली. जेवायच्या सुट्टीत तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून नीलाताईला फोन लावला.

"ताई, काल आबा खोटं बोलले. मीही. त्यांना तशा आवडत नाहीत. मी वेळ वाचवत होते."

"मला तिथेच कळलं. खोटं बोलायच्या आधी आबा पाणी पितात." पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. "फोन केलास ते बरं केलंस. पण दर्शना, मला हे विसरायला वेळ लागेल. उगाच होय होय म्हणणार नाही."

"नका म्हणू," दर्शना म्हणाली.

संध्याकाळी शाळेच्या आयांच्या ग्रुपवर तिने लिहिलं, चपाती भाजण्याआधी कापा, उरलेली कणीक परत मळता येते. अंगठे आले, फुलं आली, कुणीतरी विचारलं, ही युक्ती कुठे मिळाली. सासऱ्यांनी सांगितली, असं तिने लिहिलं. त्यापुढची ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली आणि पुन्हा पुसली. ती आजवर ग्रुपवर गेलेली नाही.

यशूने आठवडाभर खिडकी मागितली. आबांनी तिला सांगितलं, थंडी पडलीय, खिडक्या लावून घेतल्या. तिला ते पटलं. दर्शना मात्र अजून आबांची चपाती ताटात ठेवण्याआधी दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरते. पलीकडचं काही दिसत नाही. तरी रोज बघते.