वाट्या सांगलीत होत्या

“बघितलं तेवढंच लिवलंय, सायेब.”

वही माझ्या हातात देताना हवालदार हे न चुकता म्हणत आणि मी वाचून संपवेपर्यंत सावधान उभे राहत. फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, टाचा मात्र जुळलेल्याच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. वाऱ्यावर वीज करता येईल का हे बघायला आमच्या साताऱ्याच्या कचेरीनं एका पठारावर मनोरा उभा केला होता. टोकाला वारा मोजणाऱ्या तीन वाट्या फिरत, खालच्या खोक्यात आकडा पडे. रोज सकाळी आठला तो वहीत उतरवायचा, हे हवालदारांचं काम; कागदोपत्री ते ‘निरीक्षक’. वहीवरून अहवाल करून दिल्लीला पाठवायचा, हे माझं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना अंदाज म्हणून चालत नाही. फॉर्म भरताना मी त्यांना वय विचारलं.

“कागदावर त्रेपन्न हाय. जन्मलो तवा म्या काय बघितलं न्हवतं.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

हे कुठून आलं, ते एकदा चहा पिताना कळलं. बर्फातल्या एका चौकीवर रॉकेलचे डबे मोजायचे असत. एका हिवाळ्यात कुणीतरी डबे न हलवताच ‘भरलेले’ असं लिहून टाकलं. निम्मे रिकामे निघाले.

“शेगडी इझली, सायेब. माझ्या जोडीदाराची बोटं गेली.” मग स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाले, “गोळीबिळी काय न्हवती. नुसता एक शब्द लिवला हुता.”

पुढं एका वादळी दिवशी एक वाटी चेपली. तिन्ही वाट्या उतरवून मी एसटीनं सांगलीला एका लेथवाल्याकडं नेल्या. दुरुस्तीला नऊ दिवस लागले. मनोरा तोवर बोडकाच होता. तरी हवालदार रोज आठला खोक्यापाशी जात आणि वहीत लिहीत: ‘वाट्या सांगलीत. वाचन नाही.’

दिल्लीला सलग आकडे हवे होते. खंड पडला तर आमचं पठार यादीतून जाणार होतं, आणि पठाराबरोबर माझी दिल्लीची नेमणूकही. मी मागच्या-पुढच्या दिवसांची सरासरी काढली आणि अहवालात नऊ आकडे भरले. तेव्हा ते पाप वाटलं नाही. गणित वाटलं.

महिन्याभरानं दिल्लीचे अधिकारी पठारावर आले. मनोऱ्याखाली उभं राहून फाइल चाळता चाळता थांबले. सांगलीची दुरुस्तीची पावती मीच तिथं टाचली होती.

“या नऊ दिवसांत वाट्या सांगलीत होत्या. मग हे आकडे वाचले कुणी?”

कागद वाऱ्यानं फडफडत होते. हवालदार सावधान उभे होते.

“निरीक्षकाकडून आलेत, सर,” मी म्हणालो.

हवालदारांनी मान माझ्याकडं वळवली. “सायेब, माझी वही दावा की.”

“कुठाय वही?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. पट्टा रुतत होता. “सापडत नाही, सर.”

“तुम्ही दिली होती ना?” त्यांनी हवालदारांना विचारलं.

“व्हय. आज सकाळीच सायबांच्या हातात दिली. म्होरं कुठं ठेवली, ते म्या बघितलं न्हाई.”

पिशवीकडं नुसतं बोट दाखवलं असतं तरी मी मेलो असतो. पण ठेवताना त्यांनी बघितलं नव्हतं.

अधिकारी कुत्सित हसले. घरात बसून आकडे लिहिल्याचा ठपका ठेवून त्याच दिवशी हवालदारांना काढून टाकलं. ते पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पायवाटेनं उतरून गेले.

त्यांचं गाव औंधजवळ. घरोघरी फौजी. पारावर माणसं म्हणायची, “काय हवालदार, आज वारा किती? घरात बसूनच सांगा!” आमचा ड्रायव्हर तिकडचाच, त्यानं सांगितलं. हवालदारांनी पार सोडला. पुढं झेंडावंदनालाही जाईनासे झाले.

दोष एका माणसावर गेला, पठार यादीत राहिलं आणि मी दिल्लीला गेलो. वीज, इंधन, सरहद्दीवरचे साठे या विषयांत जाणकार म्हणून नाव झालं. एका बैठकीत मी रॉकेलच्या डब्यांची गोष्ट सांगितली. टेबलाभोवती माना हलल्या.

“कुठं ऐकलीत?”

“एका जुन्या फौजीकडून,” मी म्हणालो. पुढं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दशक सरता सरता वही घेऊन त्यांच्या गावी गेलो. हवालदार आदल्या थंडीतच गेले होते. त्यांच्या पत्नी उंबऱ्यात बसून मसूर निवडत होत्या. मी वही पुढं केली, सगळं सांगितलं. त्यांनी वहीला हात लावला नाही.

“मला कशाला सांगताय, भाऊ? मला ठावं हुतं. पारावर जाऊन सांगा. हसली ती तिथली.”

पारावर चार म्हातारे होते. “कोन पावनं?”

“हवालदारांच्या ओळखीचा,” एवढंच बोललो आणि एसटी धरली.

त्यालाही आता काळ लोटला. येत्या रविवारी पुन्हा निघालोय. मागं फिरता येऊ नये म्हणून हे आधीच छापायला देतोय. वही समोर उघडी आहे. नऊ ओळी, त्याच टपोऱ्या अक्षरात: वाट्या सांगलीत. वाचन नाही.

त्यांनी मला माफ केलं होतं का, हे मात्र कुणी विचारू नये. ते मी बघितलेलं नाही.