कुळाच्या तोंडचा आवाज

"गावाकडच्या माणसांचे संवाद जरा विनोदी करा ना, मॅडम. तुमच्या तिकडच्या बोलीत. ऐकणाऱ्यांना मजा येईल." पुण्याहून निर्मातीबाईंचा हा फोन आला, तेव्हा माझी सोळा प्रकरणं वाचून झाली होती.

कळंबच्या शाळेत मी मराठी शिकवते. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका ऑडिओबुक कंपनीसाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद माझ्या आवाजात रेकॉर्ड करत होते. कादंबरी निवडणुकीची. तेव्हा तिथं मतदान उघड, चारचौघांसमोर व्हायचं. एक म्हातारं कूळ जमीनदाराच्या माणसाला मत द्यायला नकार देतं आणि त्याची जमीन काढून घेतली जाते.

मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून मी घामाघूम होत वाचायची. सासरे दाराबाहेर खुर्ची टाकून ऐकायचे. मोतीबिंदूमुळं त्यांचं पेपर वाचणं सुटलं होतं. त्या कुळाला मी त्यांचाच आवाज दिला होता. सावकाश, न ओरडता बोलणारा.

"काय म्हणती ती?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्या माणसाची जिमीन गेली. त्यात हसण्यासारखं काय हाय, पोरी?"

माझं डोकंच फिरलं. लगेच उलटा फोन लावला. "जमीनदार शुद्ध बोलणार आणि कूळ आमच्यासारखं, तेही लोकांनी हसावं म्हणून? मला हे जमणार न्हाय!"

रागात 'न्हाय' निसटलं. बाई खळखळून हसल्या. "बघा, किती छान येतं तुम्हाला!"

मी फोन कापला.

आठ दिवसांनी मेल आला, पुस्तक दुसऱ्या कुणाला दिलं होतं. ते बाहेर आल्यावर मी मुद्दाम ते प्रकरण ऐकलं. म्हातारा किनऱ्या आवाजात, हेल काढत 'न्हाय जी, सायेब' म्हणत होता. सासऱ्यांना ते ऐकू दिलं नाही. उरलेली प्रकरणं मीच रोज दुपारी त्यांना वाचून दाखवली.

शेवटी जमीनदाराचा माणूस निवडून येतो, लग्न करतो, कादंबरी संपते.

"आन् त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"लिहिलं नाही, मामा."

"आसं कसं लिहिलं न्हाय?" सासरे खुर्चीतून उठलेच. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी उगाच मागची पानं चाळत बसले.