कंडक्टरकाकांची डबल बेल

आमच्या उस्मानपुऱ्यात आजार लपवणारी माणसं पुष्कळ आहेत. पण स्वतःच्या आजाराची माहिती दूधवाल्यापासून गल्लीतल्या नव्या सुनांपर्यंत सगळ्यांना उभ्याउभ्या देणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे कंडक्टरकाका. सिल्लोडच्या एसटीत त्यांची अख्खी नोकरी गेली, पण एसटी काही त्यांच्यातून गेली नाही. काकूंना ताट वाढायला उशीर झाला की "गाडी लेट हाय" असं ते सगळ्या गल्लीला ऐकवायचे.

एकदा काकूंची डाळ करपून घरभर धूर झाला आणि काका शेजारीच खुशाल बसून राहिले. त्यांना वासच आला नव्हता. आम्ही ते वयावर ढकललं. पुढं सही मुंगीएवढी झाली, चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहू लागला आणि निवांत बसले की अंगठा बोटावर आपोआप घासायला लागला. काकू म्हणायच्या, "बघ, बसल्या जागी तिकिटं फाडायलेत!"

शेवटी मेंदूच्या डॉक्टरकडं मीच सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालवलं, बोटांची उघडझाप करायला लावली, दोन ओळी लिहून घेतल्या.

"रक्त नाय का तपासायचं, म्याडम?"

"यात रक्तावरून कळत नाही, काका. दुसरं काही नाही ना, हे बघायला मेंदूचा फोटो काढू. पण मला हा पार्किन्सन्स वाटतो." हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन नावाचं रसायन मेंदूतल्या ज्या पेशी बनवतात, त्या झिजत जातात, असं त्यांनी समजावलं.

"कशानं झिजत्यात?"

"बहुतेकांच्या बाबतीत नक्की सांगता येत नाही."

काका खुलले. "म्हंजी तंबाखूचा दोष नाय!"

"तरी ती बंद," काकू म्हणाल्या.

"बरा व्हतो का?" काकांनी हळूच विचारलं. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्या आणि व्यायामानं बरीच वर्षं चांगली जातात, असं बाईंनी सरळ सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर गोळ्यांचं वेळापत्रक लागलं. गोळी जेवणाआधी अर्धा तास, म्हणजे अर्धा तास! पाहुणे ताटावर खोळंबले तरी काका घड्याळ बघत बसायचे. महिन्याभरात हात सैल झाले, बोटंही बरीच शांत झाली. पण पाय मात्र दारात अडायचे. उंबरा आला की जमिनीला खिळल्यासारखे. चारचौघांत फजिती नको म्हणून काकांनी बाहेर पडणंच सोडलं.

लासूर स्टेशनला सख्ख्या पुतणीचं लग्न होतं, तेव्हा काकूंनी त्यांना जवळपास उचलूनच नेलं. आणि नको तेच झालं. मंगल कार्यालयाच्या दारात पाय रुतले. मागं सगळं वऱ्हाड खोळंबलं. एक भाचा हात धरून ओढायला लागला, तसे काका पुढं झुकले, पण पाय जागचे हलेनात. चेहऱ्यावर घाम. "मला घरी ने," ते मला पुटपुटले.

"ओढू नको रे, पडतील!" काकू ओरडल्या. तालावर पाऊल सुटतं, हे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं त्यांना आठवलं असावं. त्यांनी हातातल्या ताटातल्या अक्षता माझ्या पदरात ओतल्या आणि घराच्या किल्लीनं रिकाम्या ताटावर दणका दिला. टण टण! "डबल बेल दिली! चला!"

काकांचं उजवं पाऊल उचललं. मग डावं. टण टण, टण टण करत काकू पुढं, काका मागं, आणि त्यांच्या मागं "जाऊ द्याऽऽ" ओरडणारं वऱ्हाड! स्टेजवरची नवरी पोट धरून हसत होती. पंगतीत काकांनी तीन जिलब्या हाणल्या आणि शेजारच्या पाहुण्याला डोपामिन समजावून सांगितलं.

आता आजार थोडा पुढं सरकलाय. गोळीचा असर लवकर ओसरतो, आणि तेवढा वेळ काकांचा चेहरा दगडासारखा होतो. परवा गच्चीत मी त्यांना शाळेतला एक भारी किस्सा सांगितला. ते नुसते बघत राहिले.

"काका, रागावलात का?"

"नाय, पोरी," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "आतून हसायलोय. बाहेर यायला जरा येळ लागतोय."

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि बसून राहिले.