सोळा ठोक्यांचा तुकडा

डीजेच्या कंट्रोलरला वास असतो. नवा असताना प्लॅस्टिकचा येतो. चार लग्नं झाली की गुटख्याचा, जनरेटरच्या धुराचा आणि हळदीचे हात लागलेल्या बटणांचा येतो. तो वास आठवला की अजून मी बोटं शर्टाला पुसतो. आणि तो कंट्रोलर मीच निवडला होता, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चिखलीला बी.एस्सी.ला आहे. त्यामुळे घरात कुठलंही यंत्र आलं की ते मला कळत असणार, असं सगळे धरून चालतात. माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, त्याला मी दादा म्हणतो. त्याच्या पिकअपवर बेसच्या स्पीकरचे मोठे डबे बांधलेले आहेत आणि तो आसपासच्या गावांत लग्नाला डीजे लावतो. आधी तो मोबाईलवरूनच गाणी वाजवायचा. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत नाचणारी पोरं शिट्ट्या मारायची. म्हणून त्याला कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून एक गाणं दुसऱ्यात मिसळायचं यंत्र, पाहिजे होता, आणि तो निवडायचं काम माझ्यावर आलं.

मी ते काम फार मनावर घेतलं. पंधरा दिवस लायब्ररीत बसून वाचलं, व्हिडिओ पाहिले, वहीत लिहून काढलं. दोन चॅनेलचा पुरेल की चार पाहिजेत, साउंड कार्ड आतच आहे का, पुढचं गाणं हेडफोनमध्ये आधी ऐकता येतं का, दादाच्या जुन्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चालेल का. शेवटी दोन चॅनेलचा एक साधा, मजबूत कंट्रोलर ठरवला. आम्ही खामगावला गेलो. दुकानात तो समोर आल्यावर दादाचं तोंड उतरलं.

"लेका, याले बटनंच किती कमी हायेत. लोकं खालून पाह्यतात, त्याइले काय दिसन?"

मी माझी वही उघडून सांगायला लागलो. तेवढ्यात दुकानदाराने पॅडवर बोट ठेवलं. पॅड म्हणजे रबराची चौकोनी बटणं, त्यांत आवाजाचे छोटे तुकडे भरून ठेवता येतात. आधी घोडा खिंकाळला, मग गोळी सुटली, मग एक बाई खदखदून हसली. दादा खूश झाला. माझी वही त्या हसण्यापुढे टिकली नाही. पण कंट्रोलर मात्र मी सांगितलेलाच घेतला गेला.

सॉफ्टवेअरवरून पुन्हा वाद झाला. कंट्रोलरसोबत एक साधी आवृत्ती फुकट मिळत होती. दुकानदार पेनड्राइव्हवर चोरीची मोठी आवृत्ती द्यायला तयार होता. मी म्हणालो, फुकटचीच घेऊ, चोरीची भर वरातीत बंद पडेल. दादा म्हणाला, "फुकट भेटलेलं कधी चांगलं असते का बे? चोरीचं तरी कोनं पाहूनच चोरलं असन." दुकानातले सगळे हसले, मीसुद्धा. आम्ही फुकटची घेतली, पण पेनड्राइव्हही घेतला, कारण त्यात गाणी होती.

महिनाभर कंट्रोलर माझ्या खोलीत होता. दोन गाण्यांचा वेग एक करायचा, ठोक्यावर ठोका बसवायचा, आणि आधीचं गाणं हळूच काढून घ्यायचं. पहिल्यांदा ते जुळलं तेव्हा एक गाणं दुसऱ्यात कधी शिरलं ते माझं मलाच कळलं नाही. या सगळ्यात मला मिळालेला आनंद तेवढाच, आणि तो मी नाकारत नाही.

मग मी दादासोबत लग्नांना जायला लागलो, आणि माझी निराशा झाली. जुळवणी कोणालाच नको होती. एकच गाणं सात वेळा लावायचं. प्रत्येक गाण्यात दर अर्ध्या मिनिटाला कोणत्यातरी डीजेचं नाव भसाड्या आवाजात ओरडलेलं, कारण पेनड्राइव्हवरची गाणी तशीच असतात. बेस एवढा, की पोटातलं अन्न हलतं आणि घरांच्या पत्र्यांवरची धूळ खाली पडते. नवरदेवाचे मित्र गाडीवर चढून पॅड दाबणार, आणि गोळी, घोडा, बाईचं हसणं, सगळं एकदम. एकाने फिरवायच्या चकतीवर गुटख्याची पिंक उडवली आणि शर्टाच्या बाहीने पुसून पुन्हा फिरवायला लागला. मी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ओला करून ती चकती पुसायचो. पुसताना कपड्याला येणारा तो पिवळा-तांबडा चिकटा मी कधी विसरणार नाही.

पण खरी किळस मला त्याची नाही. ती पुढच्या गोष्टीची आहे.

माझे बाबा भाजीपाला करतात. आणि वीस-बावीस वर्षं लग्नसराईत गावच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. बँड आता राहिला नाही. ढोलवाला कामासाठी बाहेर गेला, ट्रम्पेटवाल्याचे दात पडले, आणि सुपाऱ्या डीजेला जायला लागल्या. क्लॅरनेट पेटीत आणि लाल कोट खुंटीवर, असं तीन वर्षं चाललं होतं.

आमच्याच गावात एक लग्न ठरलं. मुलीचे आजोबा म्हणाले, थोडा तरी बँड पाहिजे, त्याशिवाय लग्न वाटत नाही. दादाने त्यावर उपाय काढला. तो मला म्हणाला, "काकाचं वाजवनं मोबाईलमधे घे अन् पॅडमधे टाक. म्हाताऱ्याले बँड भेटते, आपल्याले मानूस लागत नाही."

मला ते हुशारीचं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला ते करून पाहायची उत्सुकता होती. मी बाबांना एवढंच सांगितलं, की त्या लग्नात दादाला तुमचं क्लॅरनेट पाहिजे आहे. हे वाक्य खोटं नव्हतं. बाबा शेतातून आले होते, हातावर वांग्याच्या झाडांचा काळपटपणा होता. त्यांनी हात धुतले, पेटी उघडली आणि क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती जिभेवर धरून बसले. ती ओली झाल्याशिवाय सूर नीट लागत नाही. मला कॉलेजची बस गाठायची होती. मोबाईलचं रेकॉर्डिंग लावून मी म्हणालो, "राहू द्या बाबा, चालते तसंच. थोडंसंच पाहिजे."

"आत्ता काऊन घेऊन राह्यला तू हे?"

"दादाले ऐकवायले."

त्यांनी नवरदेव मांडवाकडे निघताना वाजवायची जुनी चाल वाजवली. मी त्यातून सोळा ठोक्यांचा तुकडा कापला. मध्ये त्यांनी घेतलेला श्वास काढून टाकला आणि वेग सॉफ्टवेअरमध्ये थोडा वाढवला. तुकडा संपला की आपोआप पुन्हा सुरू व्हावा असं ठेवलं. पॅड परत दाबलं तर तो थांबत नाही, पहिल्यापासून सुरू होतो. थांबवायचा तर शिफ्टचं बटण धरून दाबावं लागतं. दादाला मी हे सांगितलं, पण तो तेव्हा लाइटच्या वायरी जोडत होता आणि नुसता "हाव हाव" म्हणाला.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी कॉलेजातून आलो तर अंगणातल्या दोरीवर लाल कोट वाळत होता. आईने त्याची सोनेरी पट्टी पुन्हा शिवली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाबांना काय वाटत होतं ते. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी दोरीजवळ उभा राहिलो, कोटाची बाही सरळ केली आणि आत जाऊन जेवलो.

लग्न दुपारचं होतं. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघणार होता. बाबा कोट घालून, पेटी हातात घेऊन पिकअपजवळ आले. दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपवर थाप मारून म्हणाला, "काका, तुम्ही याच्यातच बसले ना. आता काहाले त्रास घेता?" आणि त्याने पॅड दाबून दाखवलं. बाबांची चाल बाहेर पडली, धापा टाकत असल्यासारखी, श्वास न घेता.

बाबांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "मंग म्या काय करू?"

"समोर चाला. कोटानं शोभा येते."

ते समोर चालले नाहीत असं मला लिहायला आवडलं असतं. पण मुलीचे आजोबा समोर उभे होते, लोक पाहत होते, आणि परत फिरायचं तर कोट घालून सगळ्या गावातून जावं लागलं असतं. बाबांनी पेटीतून क्लॅरनेट काढलं, नुसतं हातात धरलं आणि गाडीपुढे चालायला लागले. मी गाडीच्या बाजूने चालत होतो. त्यांच्याकडे पाहायचं टाळत होतो.

आमच्या गावात एक रीत आहे. ज्या घरी नुकतं कोणी वारलं असेल त्या घरासमोरून वाजंत्री वाजवत जात नाहीत. बँड असताना बाबा पुढे असायचे. असं घर आलं की ते क्लॅरनेट तोंडातून काढून काखेत घ्यायचे आणि दुसरा हात वर करायचे. मागचे सगळे गप्प व्हायचे. घर मागे पडलं की पुन्हा सुरू. त्या वेळी वाटेवरच्या एका घरची म्हातारी आठ दिवसांपूर्वी गेली होती. बाबांनी घराच्या थोडं आधी क्लॅरनेट काखेत घेतलं आणि हात वर केला.

दादाने, त्याला बोल लावणार नाही, लगेच गाणं थांबवलं. पोरं नाचायची थांबली. आणि त्या शांततेत बाबांचा तुकडा एकटाच वाजत राहिला. तो गाण्याखाली कधीपासून सुरू होता. गाणं थांबलं तरी पॅड थांबत नाही.

दादाने पॅड दाबलं. तो पहिल्यापासून सुरू झाला. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा पहिला सूर. घाबरून तो दाबतच गेला, आणि सगळ्या डब्यांतून तो एकच सूर पीं, पीं, पीं करत त्या दारावर आदळायला लागला. दारात म्हातारीची सून उभी होती. तिने पाहिलं ते गाडीकडे नाही, बाबांकडे. गावात तो आवाज कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, बंद करा ना आता," आणि पोरं हसली. बाबांनी काखेतलं क्लॅरनेट काढून दोन्ही हातांत आडवं धरलं, तोंडापासून लांब, सगळ्यांना दिसेल असं. आपण चोर नाही हे दाखवायला कोणी रिकामे हात पुढे करतो, तसं. त्यांच्या डोक्यामागे त्यांचाच आवाज ओरडत होता.

मी गाडीवर चढलो, दादाचा हात बाजूला केला, शिफ्ट धरून पॅड दाबलं. चिकट होतं ते. माझ्या बोटाला हळद लागली.

बाबा त्या दारात गेले, हात जोडले आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. तिथून ते मांडवाकडे आले नाहीत, मागच्या बोळातून घरी गेले. वरात पुढे सरकल्यावर दादाने गाणं लावलं, आणि दहा मिनिटांत लोक नाचत होते. मीही गाडीबरोबर चालत राहिलो. ही किळस मला सगळ्यात जास्त येते.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपमधून तो तुकडा काढून टाकला. दादा रागावला नाही. म्हणाला, "काढ ना. चार जनाइले देला म्या तो. लय मागनी हाये त्याले."

बाबा मला रागावले नाहीत. मी माफी मागायला दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला वांग्याच्या पाट्या भरायला लावल्या.

गेल्या महिन्यात ते माल घेऊन चिखलीला आले होते. कॉलेज सुटल्यावर मी त्यांना भेटायला बाजारात गेलो. आम्ही चहा पीत असताना रस्त्याने कुणाची तरी वरात आली, ओळखीची नव्हती. डीजेच्या गाडीतून बाबांची चाल वाजत होती, आणखी वेगात. तिच्यावर दर सोळा ठोक्यांनी एक माणूस स्वतःचं नाव ओरडत होता. मी कप खाली ठेवला. उठून कुठे जावं हे मला कळेना.

बाबा गाडी पुढे जाईपर्यंत मान वाकडी करून ऐकत राहिले.

"पत्ती सुकी होती त्या दिवशी," ते म्हणाले. "तू म्हने, चालते."