पाठमोरं घर

आमच्या घरी पाहुणे स्वयंपाकघरातून येतात. चपला गॅसच्या टाकीशेजारी काढतात आणि भाजी कोणती ते बघूनच बैठकीत बसतात. कारण घराचं तोंड रस्त्याकडे आहे आणि रस्ता नाही.

वडील शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशावर त्यांचा देवाइतका विश्वास. गावाच्या विकास आराखड्यात आमच्या प्लॉटच्या पूर्वेला मोठा रस्ता दाखवला होता, तो पुढे थेट प्रकाशा गावाच्या वाटेला मिळणार होता. वडिलांनी दार पूर्वेला काढलं, पुढचे दहा फूट रस्त्यासाठी सोडले. पलीकडे कापसाचं शेत. पश्चिमेची बोळ, जिथून सगळं जग येतं, तिकडे मोरी आणि स्वयंपाकघर.

आईला त्या दहा फुटांत निंब लावायचा होता. दुपारी सावलीत बसून शेंगा निवडता येतील एवढीच तिची मागणी.

"रस्त्यात येईल. उद्या तोडावा लागेल," वडील म्हणायचे.

ते गेले, तरी दरवर्षी आई विचारायची आणि मी त्यांच्याच आवाजात तेच उत्तर द्यायचो. वारसाहक्कानं मला मिळालेली ठळक गोष्ट हीच. एरवी माझ्या शब्दावर घरात कुकरची शिट्टीही थांबत नाही.

परवा नवा आराखडा नगरपालिकेत भिंतीवर लावला. आई म्हणाली, "माले बी ली चाल." गुडघे धरत जिना चढली. तिथल्या तरुण साहेबानं बोट फिरवत आमचं घर शोधलं. रस्ता पार नाल्यापलीकडे सरकला होता. आमच्या दारापुढे हिरवा रंग.

"म्हणजे शेतीच राहणार, आजी. हा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा आहे."

"मांगला बी वीस वरीसनाच व्हता ना, भाऊ," आई म्हणाली. रागानं नाही. दूधवाल्याला कालच्या दुधाबद्दल सांगावं तसं.

तो ओशाळून हसला. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या म्हणाला. घरी येऊन मी कागद घेतला. 'आम्ही ज्या रस्त्याकडे तोंड करून बसलो आहोत' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे सुचेना. हरकत नक्की कशाला घ्यायची? रस्ता येणार होता तेव्हा आम्ही थांबलो, आता येणार नाही तर थांबणं कुठे जमा करायचं? कागद बायकोनं डब्याखाली घातला.

संध्याकाळी आईला म्हणालो, "निंबाचं रोप आणतो उद्या."

ती शेताकडे बघत होती. "निंब नको आते. शेवगा आन. बेगी वाढस."

तिच्या वयाचा हिशेब तिनं असा लवकर वाढणाऱ्या एका झाडात सांगितला.

सकाळी रोप आणलं. आई उंबऱ्यावर बसून बघत होती. मी आत गेलो, टेप आणला, शेताच्या बांधापासून मोजलं आणि अगदी घराच्या पायव्याला चिकटून खड्डा खणायला लागलो.

"आठे कथाले?" आईनं विचारलं. इथे कशाला?

"नाही, म्हणजे... रस्ता आलाच तर."

आईनं माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. मग म्हणाली, "बापवरच गया." आणि काठी टेकत उठून, अंगणाच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली.

मी टेप गुंडाळला.